‘त्यांना सवय असते’

हिवतापाच्या आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर सगळ्यांचं रक्त तपासलेलं असतं, पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी कितीतरी जणांना ताप नसतो, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता कोणीतरी म्हणतं, ‘‘त्यांना सवय असते हो.’’ त्यावर कोणी काही बोलत नाही. मीही बरीच वर्षं बोललो नाही. मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या वाचणारा माणूस. पट्टीवर जे दिसेल ते नोंदवायचं, मत द्यायचं नाही, अशी आमची शिस्त.

पण एक जोडी पट्ट्या डोक्यातून गेली नाही. भाद्रपदातली गोष्ट. तापाने फणफणलेल्या चार वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून एक आजोबा उपकेंद्रात आले होते. सरळ धानाच्या बांधावरून आलेले, पायाला चिखल तसाच. सिस्टरने पोराच्या बोटाला टोचलं आणि लगे हात आजोबांचंही बोट पुढे घ्यायला लावलं. ते म्हणाले, ‘‘मला काय झालंय? पोराचं बघा.’’ दोन्ही पट्ट्या माझ्या टेबलावर आल्या. पोराच्या पट्टीवर फॅल्सिपेरमच्या, म्हणजे हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीच्या, बारीक अंगठ्याच अंगठ्या. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात मोजताना हात थकावा इतक्या. आजोबांच्या पट्टीवर बराच वेळ काहीच दिसेना. मग एक विळा. पुढे आणखी दोन. हे विळ्याच्या आकाराचे परजीवी म्हणजे डासाच्या पोटात जायला तयार बसलेले नर-मादी. माणसाला त्यांच्यामुळे ताप येत नाही. डासाला मात्र तेच लागतात.

रोग तोच, झोपडी तीच, बहुधा डासही तोच. एकाचं अंग भाजतंय आणि दुसरा निंदण सोडून आला म्हणून हळहळतोय. ‘सवय’ या शब्दात जे काही खरं आहे, ते एवढंच.

ते नाकारायचं कारण नाही. 1899 साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख जावाला आणि तिथून जर्मन न्यू गिनीला गेला, तेव्हा त्याने गावागावांत रक्त तपासलं. जिथे हिवताप बारमाही होता तिथे लहान मुलांच्या रक्तात परजीवी ठासून भरलेले आणि मोठ्यांच्या रक्तात जवळजवळ नाहीतच. परजीवी अंगात वागवत वाढलेल्या माणसाला पुढे तो फारसा त्रास देत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि तो बरोबर होता. ही ताकद रक्तात नेमकी कुठे असते, ते 1961 साली गाम्बियात कळलं. सिडनी कोहेन, इयन मॅग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेला भाग, वेगळा काढला आणि हिवतापाने आजारी मुलांना टोचला. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने उतरले. मोठ्यांनी वर्षानुवर्षं कमावलेलं मुलांना उसनं देता आलं.

इथे एक खुलासा करतो, कारण सुशिक्षित माणसंही यात गल्लत करतात. सिकलसेलचा एक जनुक अंगात असलेल्यांना फॅल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून मोठं संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसनने 1954 मध्ये दाखवलं. गडचिरोलीत सिकलसेलही आहे. पण तो आईबापांकडून आलेला वारसा झाला, आणि त्याची किंमत दोन्हीकडून जनुक आलेलं मूल भरतं. मी बोलतोय ती प्रतिकारशक्ती वारशाने मिळत नाही. प्रत्येक मुलाला ती पहिल्यापासून कमवावी लागते, आजारी पडून.

कमवायला इतकी वर्षं का लागतात? गोवर एकदा झाला की जन्माची सुटका होते, मग हिवतापाची का नाही? कारण परजीवी बहुरूपी आहे. फॅल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक चिकट प्रथिन मांडतो. त्याच्या जोरावर ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते आणि पानथरीत जाऊन गाळली जाण्यापासून वाचते. शरीर काही दिवसांत ते प्रथिन ओळखतं, प्रतिपिंडं तयार करतं. तोवर परजीवींपैकी काहींनी सोंग बदललेलं असतं. या प्रथिनांचे साधारण साठ जनुक एकेका परजीवीजवळ असतात आणि एका वेळी तो त्यातलं एकच वापरतो. शेजारच्या गावातल्या परजीवीची साठ सोंगं पुन्हा वेगळी. कालचा बहुरूपी पोलिस बनून आला होता म्हणून आज साधू बनून आलेला ओळखू येईलच असं नाही. त्यातली बरीचशी सोंगं एकदा तरी पाहून झाली की माणूस ‘सवयीचा’ होतो. तोही पूर्ण नाही. परजीवी रक्तात राहतोच, फक्त त्याला आवरून धरलेलं असतं. आणि माणूस काही वर्षं हिवतापाच्या भागाबाहेर राहिला, की हे शिकलेलं पुसट होत जातं. युरोपात स्थायिक झालेले आफ्रिकी लोक सुट्टीत गावी जाऊन आले की हिवतापाने आजारी पडतात. आपण तर तिथलेच, आपल्याला काय होणार, असं म्हणून त्यांनी गोळ्या घेतलेल्या नसतात.

सवय म्हणजे या सगळ्या सोंगांची उजळणी, आणि ती होते मुलांच्या अंगावर. जन्मल्यावर काही महिने बाळाला आईकडून आलेली प्रतिपिंडं सांभाळतात. ती ओसरली की पाचव्या वर्षापर्यंतचा काळ उघड्यावरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात हिवतापाने 5 लाख 97 हजार माणसं गेली, त्यातली 95 टक्के आफ्रिका विभागात, आणि तिथल्या दर चारपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं. म्हणजे ज्या गावात ‘मोठ्यांना काही होत नाही’, तिथे ते मोठे म्हणजे उरलेले लोक. जे उरले नाहीत ते बैठकीतल्या वाक्यात नसतात. कणखर म्हातारा बघून ‘हे लोक काटक’ म्हणणं म्हणजे परीक्षेला बसलेल्यांची संख्या न विचारता पास झालेल्यांचा सत्कार करण्यासारखं आहे.

आणि मोठं झाल्यावरही हा हिशोब संपत नाही. बाईला पहिल्यांदा दिवस गेले की शरीरात वार हा एक नवाच अवयव तयार होतो. फॅल्सिपेरमजवळ एक सोंग खास त्याच्यासाठी राखलेलं आहे. वारेच्या आतल्या एका साखर-रेणूला चिकटणारं हे प्रथिन तिच्या शरीराने आयुष्यात पाहिलेलं नसतं. पाहणार कसं, वारच नव्हती. त्यामुळे लहानपणापासून तावून-सुलाखून निघालेली बाईसुद्धा पहिलटकरीण म्हणून पुन्हा कोरी पाटी होते. रक्त आटतं, मूल कमी वजनाचं जन्मतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शरीर हेही सोंग ओळखायला शिकतं. ‘त्यांना सवय असते’ यातले ‘ते’ म्हणजे कोण, असा प्रश्न पहिलटकरणींच्या वजनकाट्यासमोर उभं राहून विचारावा.

हा वाद नवा नाही आणि आपल्याकडचा तर मुळीच नाही. 1950 साली युगांडातल्या कंपालात आफ्रिकेच्या हिवतापावर परिषद भरली होती. डीडीटी हे कीटकनाशक हाती आलं होतं. टांगानिकात (आजच्या टांझानियात) काम केलेला बॅगस्टर विल्सन आणि केनियात काम केलेला गार्नम यांचं म्हणणं असं, की जिथे हिवताप कायमचा आहे तिथे लोकांनी त्याच्याशी एक तडजोड केलेली आहे. फवारणी करून ती मोडाल, आणि उद्या फवारणी थांबली तर प्रतिकारशक्ती नसलेली एक अख्खी पिढी उघडी पडेल. जॉर्ज मॅकडॉनल्ड आणि इतरांचं म्हणणं, मुलं आज मरताहेत, उद्याच्या भीतीने हात बांधून बसायचं का? परिषदेने शेवटी ठरवलं, की मुळात रोग कितीही तीव्र असो, शक्य तितक्या लवकर आधुनिक उपायांनी त्याचं नियंत्रण करावं. आणि मग 1955 मध्ये जागतिक निर्मूलनाची मोहीम निघाली तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडची बहुतेक आफ्रिका तिच्यातून वगळण्यात आली. ठराव एका बाजूचा झाला, वागणूक दुसऱ्या बाजूची.

विल्सन-गार्नम यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मला तसं करायचं नाही. त्यांच्या आधी याच ज्ञानाचा उपयोग कसा झाला होता ते पाहिलं की त्यांची सावधगिरी तरी प्रामाणिक वाटते. ‘स्थानिकांच्या मुलांच्या रक्तात परजीवी असतात’ हे कळल्यावर सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये इंग्रजांनी काय केलं? गोऱ्यांसाठी टेकडीवर वेगळी वसाहत बांधली, 1904 मध्ये. मुलांना औषध देण्यापेक्षा मुलांपासून लांब राहायला जाणं त्यांना सोयीचं वाटलं.

विल्सन-गार्नम यांची भीती 1990 च्या दशकात पुन्हा वर आली. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या तर मुलांना प्रतिकारशक्ती कमावता येणार नाही, मरण फक्त दोन-चार वर्षं पुढे ढकललं जाईल, असं चांगल्या संशोधकांनीही मांडलं. त्याचं उत्तर मिळायला वेळ लागला. टांझानियात किलोम्बेरोच्या खोऱ्यात 1998 ते 2000 दरम्यान जन्मलेल्या हजारो मुलांचा माग 2019 पर्यंत काढला गेला. लहानपणी मच्छरदाणीत झोपलेली मुलं मोठेपणीही जास्त संख्येने जिवंत होती. लहानपणी मिळालेलं आयुष्य पुढे कोणी परत मागितलं नाही.

तरीही माझ्या मते विल्सन-गार्नम यांचा अर्धा मुद्दा उरतोच, आणि आपल्याला खरी गरज त्या अर्ध्याची आहे. किलोम्बेरोत मच्छरदाण्या मिळत राहिल्या. जिथे काम मध्येच थांबलं तिथे काय झालं, हेही इतिहासात आहे. मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावर फवारणीने हिवताप जवळजवळ संपला होता. पुढे लक्ष उडालं, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात साथ आली तेव्हा अंगात काहीच शिल्लक नसलेली हजारो माणसं गेली. श्रीलंकेत 1963 साली वर्षभरात फक्त 17 रुग्ण सापडले. फवारणी थांबवली, आणि 1968-69 मध्ये आकडा पाच लाखांवर गेला. हा धडा त्या बेटाला आधीही मिळाला होता. 1934-35 ची साथ सर्वांत भयंकर ठरली ती बेटाच्या ओल्या भागात, जिथे एरवी हिवताप कमी आणि म्हणून सवयही कमी. त्या साथीत काही महिन्यांत सुमारे 80 हजार माणसं गेली.

आणि आपण? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. 1965 च्या सुमाराला रुग्ण एक लाखावर आले, मृत्यू नोंदीपुरते शून्य. मग डीडीटी वेळेवर येईना, डास त्याला दाद देईनासे झाले, पाळत ठेवायला ग्रामीण आरोग्ययंत्रणा पुरी पडेना, आणि मुख्य म्हणजे रोग गेला अशी समजूत झाली. 1976 मध्ये 64 लाखांहून जास्त रुग्ण. मी या खात्यात आलो तेव्हा जुनी मंडळी त्या वर्षाचं नाव घरातल्या मोठ्या आजारपणासारखं काढायची.

म्हणून माझं म्हणणं असं: सवयीला सरकारने कधीही जमेच्या बाजूला धरू नये, कारण ती मुलांनी भरलेली रक्कम आहे. पण एकदा ती सवय मोडायचं ठरवलं, की मध्येच उठून जाण्याचा हक्क सरकारला उरत नाही. गावाच्या अंगातली प्रतिकारशक्ती आपण काढून घेतली, तर तिच्या जागी खात्याचा माणूस कायम उभा असला पाहिजे. भारताने 2027 पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणि 2030 पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य ठेवलं आहे. लक्ष्य चांगलं आहे. मला काळजी 2031 ची वाटते.

पण 2031 दूर आहे, आधी आजचं बघू. आपली पाळत वर्षानुवर्षं तापाभोवती फिरत आली. ताप आला की रक्तनमुना. वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के नमुने झाले की उद्दिष्ट पूर्ण. त्या आजोबांना ताप नव्हता, म्हणजे त्या जाळ्यात ते कधीच आले नसते. त्यांच्या रक्तातले विळे घेऊन डास पुढच्या झोपडीत गेला असता. सवयीचा माणूस स्वतः तरलेला असतो, पण त्याच्यामुळे शेजारचं मूल बुडू शकतं. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी पद्धत बदलली. ओडिशाने 2017 पासून दुर्गम गावांत शिबिरं घेऊन ताप असो-नसो सगळ्यांचं रक्त तपासायला सुरुवात केली. छत्तीसगडने 2020 मध्ये बस्तरमध्ये घरोघरी तेच केलं, आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काही लक्षणंच नव्हती. गंमत म्हणजे हीच युक्ती कॉखने न्यू गिनीत लढवली होती: प्रत्येकाचं रक्त बघा, ज्याच्यात परजीवी त्याला क्विनीन द्या, ताप असो वा नसो. त्याला मळ्यावरचे मजूर उभे ठेवायचे होते, हेतू काही उदात्त नव्हता. पण युक्ती बरोबर होती, आणि ती पुन्हा अंगवळणी पडायला आपल्याला शंभरावर वर्षं लागली. गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडच्या सीमेपलीकडे हेच बस्तर आहे. डासाला आणि नातेवाइकांकडे जाणाऱ्या माणसाला ती सीमा दिसत नाही, त्यामुळे अशी तपासणी दोन्हीकडे एकाच वेळी झाली तरच अर्थ आहे.

यातही अडचणी आहेत. रॅपिड किटला दुसरी रेघ दाखवायला एका मायक्रोलीटर रक्तात साधारण शंभर-दोनशे परजीवी लागतात, आणि सवयीच्या माणसात अनेकदा तेवढे नसतात. म्हणजे ज्यांना शोधायचं तेच किटमधून निसटतात. एका फेरीत काम भागत नाही. दुसरी अडचण गोळ्यांची. व्हायवॅक्सला, म्हणजे आपल्याकडच्या हिवतापाच्या दुसऱ्या मुख्य परजीवीला, प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या लागतात, कारण तो यकृतात दडी मारून बसतो. ज्याला ताप आला होता तोही चौथ्या दिवशी बरं वाटलं की पुडी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवतो. ज्याला काहीच झालेलं नाही, त्याने चौदा दिवस गोळ्या का घ्याव्यात? त्याला ते पटवायला आशाताई लागते, त्याची भाषा बोलणारी, त्याच्या शेतावर जाणारी. आणखी एक सांगतो, आपल्याकडची लागण आफ्रिकेइतकी दाट नाही, त्यामुळे सवयही कच्ची. गडचिरोलीत धडधाकट तरुण हिवतापाने दगावतात. आफ्रिकेतलं अर्धसत्य आपल्याकडे पावही उरत नाही.

‘मग लस का नाही?’ हा प्रश्न हल्ली मराठी घरांतही विचारला जातो, कारण ती लस पुण्यात बनते. ऑक्सफर्डने विकसित केलेली आर-21 सीरम इन्स्टिट्यूट बनवते. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते. तिची कल्पना सुंदर आहे. ती सवयीची नक्कल करत नाही. डास चावल्यावर जे मोजके परजीवी यकृताकडे निघतात, त्यांच्या अंगावरच्या प्रथिनावर ती नेम धरते. ते इतके थोडे आणि इतके घाईत असतात, की नैसर्गिकरीत्या शरीराला त्यांची पुरेशी ओळख पटतच नाही. म्हणजे निसर्ग जिथे कमी पडतो तिथे ती काम करते, आणि मुलाला आधी मरणाच्या दारात जावं लागत नाही. पण तिचं संरक्षण पूर्ण नाही, काळाबरोबर ओसरतं, बूस्टर लागतो, आणि व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. लागण कमी, रोग मूठभर तालुक्यांत, त्यातही व्हायवॅक्सचा मोठा वाटा, अशा आपल्या परिस्थितीत तोच पैसा मी आधी किट, गोळ्या आणि माणसं यांवर लावीन. आफ्रिकेत ती लस हवीच, आणि ती पुण्याहून जाते याचा मला अभिमान आहे. आपल्याकडे मात्र ती मागणारे बरेचदा आशाताईचा थकलेला मोबदला मागत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं आहे.

त्या आजोबांनी गोळ्या घेतल्या. सिस्टरने पाण्याचा तांब्या हातात देऊन समोरच गिळायला लावल्या. ‘‘तुमच्यासाठी नाही, याच्यासाठी,’’ म्हणत पोराच्या पाठीवरून हात फिरवला. पोर वाचलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पट्ट्या बहुतेक निगेटिव्ह यायला लागल्या. पट्टीवर परजीवी असेल तर कधी कधी पहिल्याच क्षेत्रात दिसतो, काम संपतं. नसेल तर शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, असा नियम. म्हणजे रोग कमी झाला तसं माझं काम वाढलं. वरच्या कार्यालयातून मात्र उलट हिशोब आला: रुग्ण घटले, मग तंत्रज्ञ कशाला? मी निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या टेबलावर अजून कोणी बसलेलं नाही. सूक्ष्मदर्शकावर कापड टाकून ठेवलंय, असं सिस्टर परवा फोनवर म्हणाल्या.